सावधगिरी कीं माघार ?

ता. २५ जून २०२४ रोजीं जर्मनींतील कोलोन शहरीं युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत इंग्लंड आणि स्लोव्हेनिया यांचा फुटबॉलचा सामना झाला. नव्वद मिनिटें चेंडू इकडून तिकडे फिरला. गोल कोणाचाच झाला नाहीं. तरीहि इंग्लंडचा संघ आपल्या गटांत पहिला आला व पुढच्या फेरींत गेला. सामना संपल्यावर संघाचे मार्गदर्शक गॅरेथ साउथगेट हे मायदेशाहून आलेल्या प्रेक्षकांस अभिवादन करण्यासाठीं त्यांच्या बाजूस गेले, तेव्हां त्यांच्या वांट्यास धिक्काराच्या आरोळ्या आल्या, आणि प्लॅस्टिकचे रिकामे पेलेहि त्यांच्या दिशेनें आले. हरलेल्या सेनापतीचा नगरजनांनीं अपमान केल्याचीं उदाहरणें इतिहासांत हवीं तितकीं सांपडतील. परंतु गटांत पहिल्या आलेल्या सेनापतीचा त्याच्याच पक्षानें असा सत्कार करावा हा प्रकार निराळा खरा. म्हणूनच तो आम्हांस विचार करण्याजोगा वाटला.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा जीव क्रिकेटांत गुंतलेला असतो. त्यांस फुटबॉल म्हणजे नुसती धांवपळ वाटते. वस्तुतः तो मांडणीचा खेळ आहे. अकरांतला एक गोलरक्षक सोडला तर राहतात दहा गडी. त्यांतले किती पुढें धाडावे आणि किती मागें ठेवावे, हाच मार्गदर्शकापुढील मुख्य प्रश्न. पुढें अधिक धाडले तर पाठ उघडी पडते. मागें अधिक ठेवले तर शत्रूच्या घरांत शिरण्यास माणूस उरत नाहीं. क्रिकेटांत धांवांचा ढीग पडत असल्यामुळें एखादी चूक भरून निघते. येथें सबंध सामन्यांत एक-दोन गोल, कधीं तेवढेहि नाहींत. म्हणून एका चुकीची किंमत भारी, आणि त्याच मानानें सावधपणाचा मोहहि भारी.

इंग्लंडच्या प्रेक्षकांचें गाऱ्हाणें समजण्यास त्या वर्षीं त्यांच्यापाशीं कोण गडी होते तें पाहिलें पाहिजे. कप्तान हॅरी केन यानें २०२३-२४ च्या हंगामांत जर्मन लीगमध्यें ३६ गोल केले होते. फिल फोडेन यास इंग्लंडांतील क्रीडालेखकांनीं वर्षांतला उत्तम खेळाडू म्हणून निवडलें होतें. चेल्सीच्या कोल पामरचे लीगमध्यें २२ गोल, ॲस्टन व्हिलाच्या ऑली वॉटकिन्सचे १९, आणि स्पेनच्या लीगमध्यें रेआल माद्रिदकडून जूड बेलिंगहॅमचेहि १९. ज्याच्या पागेंत असे घोडे बांधलेले, त्यानें पालखींतून कां जावें, असा प्रेक्षकांचा सरळ प्रश्न होता. पहिल्या सामन्यांत सर्बियावर एका गोलानें जय, दुसऱ्यांत डेन्मार्कशीं एकेक गोलाची बरोबरी, आणि तिसऱ्यांत तें कोलोनचें शून्य. चेंडू पुढें जाण्याऐवजीं आडवा जाई, आडव्याचा मागें येई आणि मागून गोलरक्षकाच्या पायाशीं पोंचे.

त्यांत मांडणीचे घोळ होतेच. डावा बचावगडी ल्यूक शॉ जायबंदी असल्यामुळें त्याच्या जागीं उजव्या पायाचा ट्रिपियर घातला होता; तो चेंडू घेऊन डाव्या कडेनें सुसाट कसा जाणार ? फोडेन त्याच्या पुढें डावीकडे, पण त्याचें मन मध्यभागीं. अलेक्झांडर-अर्नोल्ड हा वास्तविक उजवा बचावगडी. त्याला पहिल्या दोन सामन्यांत मधल्या फळींत बसविलें, तिसऱ्यांत गॅलगरला, आणि त्याच सामन्याच्या उत्तरार्धांत एकोणीस वर्षांच्या मेनूला. हा शेवटला मात्र टिकला.

एवढें ऐकल्यावर वाचक म्हणतील, मग प्रेक्षकांचेंच खरें. पण दुसरी बाजू दुबळी नाहीं. १९६६ सालीं इंग्लंडनें विश्वचषक जिंकला. पुढें १९७० पासून २०१६ पर्यंत विश्वचषक व युरोपीय अजिंक्यपद या दोन्ही स्पर्धांच्या बाद फेऱ्यांत मिळून त्यांना जय मिळाले अवघे सहा : १९८६ त पॅराग्वेवर, १९९० त बेल्जम व कॅमेरूनवर, १९९६ त स्पेनवर, २००२ त डेन्मार्कवर आणि २००६ त इक्वेडोरवर. २०१६ सालीं तर ज्या देशाची वस्ती साडेतीन लाखांहूनहि कमी, त्या आइसलंडनें त्यांना घरीं धाडलें. त्याच वर्षीं साउथगेट यांनीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि २०१८ ते २०२४ या सहा वर्षांत बाद फेऱ्यांतले नऊ सामने जिंकले. शेचाळीस वर्षांत सहा आणि सहा वर्षांत नऊ. ज्यांनीं जुने दिवस पाहिले त्यांना हा आंकडा पुरेसा वाटावा यांत नवल नाहीं. आणि ज्यांना ते दिवस ठाऊक नाहींत, त्यांना तो पुरेसा वाटूं नये हेंहि स्वाभाविकच.

आमच्याच घरीं या वादाची एक शाखा निघाली होती. कोलोनचा सामना आपल्याकडे रात्रीं साडेबारास सुरू झाला. मुलें माजघरांत जागत बसलीं. दुसऱ्या दिवशीं जेवतांना आमचा नातू तावातावानें बोलूं लागला. आमचे धाकटे बंधु जन्मभर हिशेबनीस. त्यांनीं साउथगेट यांची बाजू घेतली. ते म्हणाले, “बाळ, वहींत शिल्लक दिसते आहे ना ? मग व्यापार कसा केला हें विचारूं नये.” नातू म्हणाला, “धाकटे आजोबा, घर राखायचंच होतं तर जर्मनीपर्यंत कशाला गेले ? घर तर इंग्लंडांतच होतं !” एवढ्यांत वाढतां वाढतां सूनबाईंनीं विचारलें, “तो कप्तान मुळीं पळतच नव्हता, त्याला कां नाहीं बसवलं ?” आणि स्वतःच उत्तर देऊन टाकलें, “बरोबर आहे. घरचा कर्ता. त्याला सांगायचं कुणी ?” आम्हां दोघां वृद्धांनीं एकमेकांकडे न पाहतां ताकाच्या वाट्या पुढें ओढल्या.

सूनबाईंचा प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. क्रीडाशौकीन ज्याला ‘फॉर्म’ म्हणतात ती वस्तु मोठी चंचल. मागील हंगामाचे ३६ गोल ही केनची पुण्याई खरी. पण हंगामाच्या अखेरीस पाठीच्या दुखण्यानें त्याला ग्रासलें होतें, आणि जर्मनींतल्या त्या सामन्यांत त्याचे पाय जड पडत होते हें आमच्यासारख्यासहि दिसत होतें. तरुण गडी बाकावर बसून होते. वॉटकिन्सला पहिल्या पांच सामन्यांत कांहीं मिनिटेंच मिळालीं. मग पुण्याईवर गडी निवडावा कीं आजच्या खेळावर ? पुण्याईवाल्यांचें म्हणणें असें कीं, थोर गडी एका क्षणांत सामना फिरवतो. तें खोटेंहि नव्हे. ३० जून रोजीं स्लोव्हाकियाविरुद्ध इंग्लंड एका गोलानें मागें असतां, भरपाईच्या पांचव्या मिनिटास बेलिंगहॅमनें उलटी झेप घेऊन डोक्यावरून लाथेनें गोल केला. आदल्याच दिवशीं त्याला एकवीस वर्षें पुरीं झालीं होतीं, आणि त्या क्षणापर्यंत त्यालाहि बसवा म्हणणारे थोडे नव्हते. पुढें जादा वेळाच्या पहिल्याच मिनिटांत विजयाचा गोल केला तो त्या जड पायांच्या केननें. शेवटीं तीन गोल करून तो स्पर्धेंतील सर्वाधिक गोल करणाऱ्या सहा जणांत गणला गेला. फोडेनला मात्र सबंध स्पर्धेंत एकहि गोल साधला नाहीं.

उपांत्य सामन्यांत, १० जुलैस डॉर्टमुंड येथें, हॉलंडशीं १-१ अशी बरोबरी असतां साउथगेट यांनीं ८१ व्या मिनिटास केन आणि फोडेन दोघांनाहि उठविलें, आणि वॉटकिन्स व पामर यांस धाडलें. नव्वदावें मिनिट भरतां भरतां पामरनें चेंडू दिला व वॉटकिन्सनें गोल केला. कर्त्याला पंक्तींतून उठवितां येतें तर ! ‘तूं हें आधींच कां केलें नाहींस’ म्हणणारे आणि ‘पाहिलेंत, त्याला वेळ कळते’ म्हणणारे, दोघांनाहि एकाच गोलाचा पुरावा मिळाला.

आमचें मत आम्ही लपवून ठेवीत नाहीं. सावधपणा हा दोष नव्हे. साउथगेट यांचा सावधपणा एका ठिकाणीं तर सर्वस्वीं वंदनीय होता, आणि तें ठिकाण म्हणजे पेनल्टीच्या लाथा. १९९६ च्या उपांत्य सामन्यांत वेम्ब्लीवर जर्मनीविरुद्ध निर्णायक लाथ चुकविणारा पंचवीस वर्षांचा गडी हेच साउथगेट. विश्वचषकांत इंग्लंड १९९०, १९९८ आणि २००६ अशा तीनहि वेळां या परीक्षेंत नापास झाला होता; ती दैवाची गोष्ट म्हणून लोक सोडून देत. साउथगेट यांनीं तिला अभ्यासाचा विषय केलें. कोणीं कोणत्या क्रमानें जावें, घाई न करतां उभें कसें राहावें, याची तालीम करविली. २०१८ त कोलंबियावर जय मिळाला, आणि ६ जुलै २०२४ रोजीं ड्युसेलडॉर्फ येथें स्वित्झर्लंडविरुद्ध पांचांपैकीं पांचहि लाथा गोलांत गेल्या. त्या पांचांत बुकायो साका होता. २०२१ च्या अंतिम सामन्यांत इटलीविरुद्ध लाथ चुकविणाऱ्या तीन कृष्णवर्णी तरुणांपैकीं तो एक. त्या रात्रीं त्यांच्या वर्णावरून जी गरळ ओकली गेली ती आम्ही येथें उतरवून घेणार नाहीं. मत देण्याचा अधिकार प्रेक्षकांस आहे. पेले फेकण्याचा व गरळ ओकण्याचा नाहीं, एवढें शाळेंतलीं मुलेंहि जाणतात.

दोष निराळा आहे. २०१८ च्या ११ जुलैस मॉस्को येथें क्रोएशियाविरुद्ध इंग्लंडनें पांचव्या मिनिटास गोल केला, आणि सामना २-१ असा गमावला. २०२१ च्या ११ जुलैसच — तारीख तीच, हा योगायोग — इटलीविरुद्ध दुसऱ्या मिनिटास गोल केला. बरोबरी झाली व शेवटीं लाथांत हार. २०२४ त डेन्मार्कविरुद्ध १८ व्या मिनिटास गोल केला, आणि ३४ व्यास दुरून मारलेल्या फटक्यानें तो फिटला. तिन्ही वेळां रीति एकच : गोल झाला कीं संघ मागें सरकतो, मैदान शत्रूच्या हवालीं करतो आणि घड्याळाकडे पाहतो. कौटिल्यानें राजनीतीचे जे सहा गुण सांगितले आहेत त्यांत ‘आसन’, म्हणजे स्वस्थ बसणें, हाहि एक गुण आहे. पण तो कोणत्या स्थितींत ? मी शत्रूचा घात करूं शकत नाहीं आणि शत्रु माझा करूं शकत नाहीं, अशा समबल स्थितींत. ज्याच्यापाशीं बळ अधिक आहे त्यानें स्वस्थ बसणें हें आसन नव्हे. पेनल्टीची तयारी ही सावधगिरी होती. गोलानंतरची ती पिछेहाट ही नुसती माघार होती. प्रेक्षकांची चीड माघारीवर होती, पण ती ओरडून सांगतांना त्यांनीं दोहोंस एकच नांव दिलें, आणि साउथगेट यांचे कैवारीहि दोहोंचें मिळून एकच समर्थन करीत बसले. वाद मिटेना तो यामुळें.

१४ जुलैस बर्लिन येथें स्पेनशीं गांठ पडली. स्पेननें त्या स्पर्धेंतले सातहि सामने जिंकून १५ गोल केले, तर इंग्लंडचे सात सामन्यांत आठ. ४७ व्या मिनिटास स्पेनचा गोल झाला. ६१ व्यास कप्तान केनला उठविलें. ७० व्यास पामर मैदानांत आला, आणि तीनच मिनिटांत त्यानें बरोबरी केली. त्या वेळीं आमचा नातू उभा राहून नाचूं लागला आणि बंधूंनींहि मांडीवर थाप मारली. पण चढाई पुढें चालली नाहीं. ८६ व्या मिनिटास ओयार्साबालनें दुसरा गोल केला आणि चषक स्पेनला गेला. दोन दिवसांनीं साउथगेट यांनीं राजीनामा दिला. त्यांच्या कारकीर्दींत सामने झाले १०२.

२०२५ च्या जानेवारीपासून इंग्लंडनें थॉमस टूखेल या जर्मन गृहस्थांस नेमलें. विश्वचषकाच्या पात्रतेचे आठहि सामने संघानें जिंकले. २२ गोल केले, अंगावर एकहि घेतला नाहीं. त्या ऑक्टोबरांत टूखेल यांनीं बेलिंगहॅम आणि फोडेन या दोघांनाहि संघाबाहेर ठेवलें, म्हणजे पुण्याईपेक्षां आजचा खेळ आणि आजची जोडणी पाहिली. ९ तारखेस वेम्ब्लीवर वेल्सविरुद्ध वीस मिनिटांतच तीन गोल झाले, आणि पुढील सत्तर मिनिटांत एकहि नाहीं. सामन्यानंतर टूखेल यांनीं तक्रार केली ती प्रेक्षकांची : प्रेक्षागार मुकें बसलें होतें म्हणून. पांच दिवसांनीं लाटव्हियाची राजधानी रीगा येथें ५-० असा जय मिळाला. तेथवर गेलेल्या प्रेक्षकांनीं त्यांना ऐकूं जाईल अशा बेतानें त्यांचीच थट्टा करणारीं गाणीं म्हटलीं, आणि टूखेल यांनीं तीं हंसून ऐकलीं.