नव्या प्रदेशातील धर्मोपदेशक आणि भाषेचा उंबरठा : मात्तेओ रिच्चीची पहिली सतरा वर्षे (१५७८–१५९५)

धर्मप्रसारासाठी परदेशी गेलेल्या तरुणांची चरित्रे बहुधा दोन टोकांनी लिहिली गेली आहेत. स्वपक्षीयांनी त्यांत त्याग आणि धैर्य पाहिले. विरोधकांनी परकीय सत्तेचा हस्तक पाहिला. ह्या दोन्ही दृष्टींत तथ्य आहेच. परंतु भाषेच्या अभ्यासकाला जो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटावा, तो दोहोंतही उपेक्षित राहतो. नव्या प्रदेशात पाऊल टाकणारा मनुष्य तेथील लोकांना कोण म्हणून दिसतो? आणि स्वतःविषयी त्याला जे सांगावयाचे असते, ते त्या लोकांच्या भाषेत सांगता येते काय? इटालियन जेझुइट मात्तेओ रिच्ची ह्याच्या पूर्वायुष्याच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पेकिंगच्या राजधानीतील रिच्ची सर्वज्ञात आहे. येथे आपल्याला पाहावयाचा आहे तो त्याच्या आधीचा, पुन्हा पुन्हा मुक्काम हलविणारा तरुण रिच्ची.

रिच्चीचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजी मध्य इटलीतील माचेराता येथे झाला. कायद्याच्या अभ्यासासाठी तो रोमला गेला, परंतु १५७१ साली जेझुइट संघात दाखल झाला. तेथील विद्यालयात प्रख्यात गणिती क्लाविउस हा त्याचा गुरू होता. १५७८ च्या मार्चमध्ये त्याने लिस्बन सोडले आणि त्याच वर्षी १३ सप्टेंबरला तो गोव्यास पोहोचला. त्या वेळी त्याचे वय पंचवीस वर्षांचे होते. गोव्यात व नंतर कोचीन येथे त्याने लॅटिन व ग्रीक व्याकरणाचे अध्यापन केले, कोचीनलाच १५८० साली त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि पुढे गोव्यास परतून त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास चालविला.

हिंदुस्थानातील ह्या साडेतीन वर्षांविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गोव्यातील रिच्ची हा परदेशात होता खरा, परंतु भाषेच्या दृष्टीने तो घराबाहेर पडलेलाच नव्हता. ज्या विद्यालयात तो शिकवीत होता तेथील व्यवहार लॅटिनचा, राज्यकारभार पोर्तुगीजांचा. आपण कोण आहोत हे स्थानिक माणसाला त्याच्या भाषेत पटवून देण्याची गरज तेथे त्याला पडली नाही. ते काम पोर्तुगीज सत्ता परस्पर करीत होती. १५६० साली स्थापन झालेले धर्मन्यायपीठ त्या सत्तेच्या कठोर रूपाची साक्ष देत होते.

तथापि सत्ता असली म्हणजे भाषा शिकण्याचे कारण उरत नाही, असा सरळ नियम मात्र येथे मांडता येत नाही. रिच्चीनंतर एकाच वर्षाने, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्याचे पुढील आयुष्य मुख्यतः साष्टी भागात गेले. त्याने कोंकणीचे व्याकरण रचले आणि मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र लिहिले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. तेच राज्य, तोच संघ, जवळजवळ तेच वय. फरक होता तो कार्यक्षेत्राचा. स्टीफन्सला खेड्यांतील श्रोता मिळाला, रिच्चीला वर्गातील विद्यार्थी. श्रोता बदलला की भाषेची निकडही बदलते.

वर्गातील विद्यार्थ्यांविषयी मात्र रिच्ची उदासीन नव्हता. स्थानिक ख्रिस्ती विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र ह्या उच्च विषयांना बसू देऊ नये, कारण विद्येने ते गर्विष्ठ होतील, असा निर्णय गोव्यातील वरिष्ठांनी घेतला होता. २५ नोव्हेंबर १५८१ रोजी संघप्रमुख आक्वाविवा ह्यास लिहिलेल्या पत्रात एकोणतीस वर्षांच्या रिच्चीने ह्या निर्णयास स्पष्ट विरोध केला. गर्वाचा आक्षेप युरोपातील विद्यार्थ्यांनाही तितकाच लागू पडतो, आणि अशा बंदीने अज्ञानी धर्मगुरू मात्र निर्माण होतील व स्थानिकांच्या मनात आपल्याविषयी द्वेष वाढेल, असा त्याचा युक्तिवाद होता. समोरचा मनुष्य ज्ञानाचा समान अधिकारी आहे, हे गृहीत त्याच्या पुढील भाषाविषयक वर्तनाचा पाया ठरले, असे म्हणावयास हरकत नाही.

पूर्वेकडील जेझुइट कार्याचा निरीक्षक वालिन्यानो ह्याच्या आज्ञेवरून रिच्ची १५८२ च्या ऑगस्टमध्ये मकाव येथे पोहोचला. तेथे त्याच्याबरोबर हिंदुस्थानात आलेला मिकेले रुजेरी हा १५७९ पासून चिनी भाषेशी झगडत होता. रुजेरीचा पहिला शिक्षक एक चिनी चित्रकार होता. दोघांना समान अशी भाषा नसल्यामुळे तो चित्र काढून चिन्ह शिकवीत असे. चिनी शिकणे हा कालापव्यय होय, असे मकावमधील अनेक सहकाऱ्यांचे मत होते, आणि रुजेरीला वारंवार इतर कामांना जुंपले जाई. भाषेच्या अभ्यासाला अध्यापनाइतकेच काम मानावयास हवे, हे वालिन्यानोने ओळखले नसते तर पुढचा इतिहास घडला नसता.

१५८३ च्या सप्टेंबरमध्ये रुजेरी व रिच्ची ह्यांना ग्वांगतुंग प्रांतातील चाओछिंग येथे राहण्याची अनुज्ञा मिळाली. येथे प्रथमच रिच्चीच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता नव्हती. तेथील अधिकारी वांग पान ह्याची मर्जी हाच त्यांचा आधार होता. दोघांनी मुंडन करून बौद्ध भिक्षूचा वेष घेतला. चिनी समाजात धर्मपुरुषाला जी जागा उपलब्ध दिसली, ती त्यांनी स्वीकारली.

ह्या वेषाबरोबर शब्दही आले, आणि येथेच भाषेच्या अभ्यासकाचे कुतूहल जागे होते. १५८४ साली रुजेरीचे चिनी प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तक छापले गेले. त्यात कर्त्याने स्वतःला ‘तियेनचू देशाचा सेंग’ म्हटले आहे. ‘तियेनचू’ हे हिंदुस्थानचे जुने चिनी नाव. ‘सेंग’ म्हणजे भिक्षू. हा शब्द संस्कृत ‘संघ’ ह्या शब्दाच्या चिनी रूपाचा संक्षेप होय. इटलीतून निघून गोव्यामार्गे आलेला ख्रिस्ती धर्मगुरू चीनमध्ये स्वतःचा परिचय ‘हिंदुस्थानचा भिक्षू’ असा करून देतो, ह्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. पश्चिमेकडून धर्म घेऊन येणारा मनुष्य म्हणजे हिंदुस्थानचा भिक्षू, हा अर्थ त्या भाषेत हजार वर्षांहून अधिक काळ रूढ होता. नवागताला नवा शब्द मिळत नाही. रिकामी असलेली जुनी जागा मिळते.

गुंतागुंत येथेच संपत नाही. परमेश्वरासाठी ह्या मंडळींनी स्वीकारलेला शब्दही ‘तियेनचू’ असाच आहे. त्याचा अर्थ ‘स्वर्गाचा स्वामी’. दुसरे चिन्ह वेगळे आणि त्याचा सूरही वेगळा. परंतु आजच्या प्रमाण उच्चारात देशाचे नाव व देवाचे नाव ह्यांत सुराखेरीज अन्य भेद नाही. चिनी भाषेत सूर हा अर्थभेदक घटक आहे, हे परभाषिकाच्या कानाला फार उशिरा उमगते. हा शब्दही रिच्ची-रुजेरींनी घडविलेला दिसत नाही. रुजेरी मकावला परतला असताना त्यांची वेदी एका चिनी तरुणाकडे ठेवली होती, आणि त्या तरुणाने तिच्यावर ही दोन चिन्हे लिहून लावली होती, असे रिच्चीच्या वृत्तांतावरून दिसते. श्रोत्याने दिलेला शब्द वक्त्याने उचलला.

परंतु श्रोता शब्द देतो तेव्हा त्याबरोबर आपला अर्थही देतो. वांग पानने त्यांच्या वास्तूसाठी दोन फलक पाठविले. एकावर वास्तूचे नाव होते आणि त्यात बौद्ध मठाचा वाचक ‘स्स’ हा शब्द होता. दुसऱ्यावर पश्चिमेकडून आलेल्या ‘शुद्ध भूमी’चा उल्लेख होता. ही शुद्ध भूमी म्हणजे अमिताभ बुद्धाची सुखावती, हे कोणाही सुशिक्षित चिनी वाचकाला तत्काळ समजले असते. फलक सन्मानार्थ दिले होते आणि सन्मानाने लावले गेले. यजमानाने पाहुण्याला ओळखले. मात्र पाहुणा स्वतःला जो समजत होता, तो म्हणून नव्हे.

चाओछिंगच्या ह्या वर्षांत तयार झालेल्या पोर्तुगीज-चिनी शब्दकोशाचे हस्तलिखित १९३४ साली पास्क्वाले देलिया ह्यांना रोम येथील जेझुइट दप्तरखान्यात आढळले. त्यात तीन रकाने आहेत : पोर्तुगीज शब्द, रोमन लिपीतील उच्चार आणि चिनी चिन्हे. उच्चाराच्या रकान्यात दोन उणिवा आहेत. सुरांच्या खुणा नाहीत, आणि अल्पप्राण-महाप्राण हा भेदही दाखविलेला नाही. क-ख, त-थ हा भेद मराठी भाषकाच्या कानाला जन्मसिद्ध आहे. इटालियन व पोर्तुगीज भाषांत तो अर्थभेदक नसल्यामुळे ह्या कोशकारांच्या कानांतून तो निसटला. आपली मातृभाषा आपल्याला ऐकावयास शिकविते, तसे न ऐकावयासही शिकविते, ह्याचे हे लेखी प्रमाण होय. ही उणीव रिच्चीने लात्सारो कात्तानेओ ह्या संगीतज्ञ सहकाऱ्याच्या व सेबास्तियांव फेर्नांदिश ह्या चिनी बंधूच्या साहाय्याने १५९८ च्या प्रवासात भरून काढली. पाच सुरांसाठी खुणा ठरल्या आणि महाप्राणासाठी वेगळे चिन्ह आले. चीनमध्ये पाऊल ठेवल्यापासून ह्याला सोळा वर्षे लागली.

आणखी एक अडचण ह्या कोशावरून कळते. त्यातील चिनी ही अधिकारीवर्गाची, प्रांताप्रांतांत चालणारी ‘क्वानह्वा’ आहे. चाओछिंगच्या सामान्य लोकांची बोली दक्षिणी वळणाची, बरीच वेगळी. म्हणजे ज्यांच्या शेजारी राहावयाचे त्यांची भाषा रिच्ची प्रामुख्याने शिकत नव्हता. अधिकारी घरी येऊन घड्याळे, त्रिकोणी काचा आणि १५८४ साली त्याने काढलेला जगाचा नकाशा कौतुकाने पाहत. त्याच घरावर आसपासच्या लोकांकडून दगड पडत. ह्या वैराची कारणे अनेक होती. परंतु भाषेची निवड ही श्रोत्याची निवड असते, आणि न निवडलेला श्रोता नाहीसा होत नाही, ह्या गोष्टीचाही त्यांत वाटा असावा.

१५८८ मध्ये रुजेरी युरोपला परत गेला. १५८९ साली नव्या वरिष्ठ अधिकाऱ्याने चाओछिंगचे घर सोडावयास लावले आणि रिच्ची शाओचौ येथे गेला. ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्षे. १५९१ मध्ये आल्मेइदा हा सहकारी आजाराने वारला. १५९३ मध्ये देपेत्रिस गेला. १५९२ साली रात्री घरावर हल्ला झाला, तेव्हा खिडकीतून उडी मारताना रिच्चीचा पाय कायमचा दुखावला.

ह्याच काळात दोन गोष्टी घडल्या. एक, वालिन्यानोच्या सूचनेवरून त्याने कन्फ्यूशियस परंपरेतील ‘चार ग्रंथां’चे लॅटिन भाषांतर हाती घेतले. कोश करताना शब्द सुटे भेटतात. ग्रंथ लावताना ते आपल्या गोतावळ्यासह भेटतात. दुसरी गोष्ट, किमया शिकण्याच्या आशेने आलेला आणि गणित शिकून गेलेला छ्यू ताइसू हा विद्वान त्याचा मित्र झाला. भिक्षूच्या वेषात विद्वानांच्या पंक्तीत बसता येणार नाही, हे छ्यूने त्याला सांगितले. भिक्षू हा शब्द कोशात आदरार्थी असला, तरी समाजात त्या पदाची किंमत वेगळी होती. वालिन्यानोच्या संमतीने रिच्चीने केस व दाढी वाढविली आणि १५९५ साली विद्वानाचा रेशमी झगा घातला. त्याच वर्षीच्या उत्तरेकडील प्रवासात नाव उलटून बार्रादास हा तरुण सोबती बुडाला. रिच्ची वाचला आणि नानछांगला स्थिरावला. तेथे त्याने मैत्रीवर चिनीत छोटा ग्रंथ लिहिला. आता त्याचा परिचय ‘ली मातौ’ ह्या नावाने होत होता. ‘रि’ ह्या अक्षराला जवळचे चिनी अक्षर म्हणून ‘ली’, आणि ‘मात्तेओ’चे ‘मातौ’.

ह्या सतरा वर्षांचा अर्थ कसा लावावा? रिच्चीने चिनी संस्कृती आत्मसात केली, हे म्हणणे अपुरे आहे. तिचा उपयोग करून घेतला, हे म्हणणेही अपुरे आहे. त्याचे प्रयोजन धर्मांतराचे होते, आणि ते त्याने कधी सोडले नाही. परंतु त्या प्रयोजनासाठी त्याला श्रोत्याचे शब्द घ्यावे लागले, आणि घेतलेल्या शब्दांनी त्याचे म्हणणे वळविले. परमेश्वरासाठी ‘शांगती’ हा प्राचीन ग्रंथांतील शब्दही त्याने पुढे मान्य केला. त्याच्या मृत्यूनंतर शतकभराने, १७०४ व १७१५ च्या आदेशांनी, रोमने ‘तियेन’ व ‘शांगती’ ही नावे निषिद्ध ठरविली आणि ‘तियेनचू’ तेवढे ठेवले. वेदीवर एका चिनी तरुणाने लिहिलेला शब्द अखेर अधिकृत ठरला.

आपल्यापैकी जे विद्यार्थी बोलींच्या क्षेत्रीय पाहणीसाठी अपरिचित प्रदेशात जातात, त्यांचे प्रयोजन वेगळे असते. परंतु उंबरठा तोच असतो. आपल्याला गावात ‘सरकारी माणूस’, ‘मास्तर’ किंवा ‘खानेसुमारीवाला’ म्हणून ओळखले जाते, आणि त्या ओळखीप्रमाणे आपल्याशी बोलले जाते. मिळालेली सामग्री बोलीची असतेच, परंतु ती त्या विशिष्ट पाहुण्याशी बोलताना वापरलेली बोली असते. म्हणून पाहणीच्या वहीत पहिल्या पानावर निवेदकाचे वय, गाव व शिक्षण नोंदविले जाते, त्याचबरोबर निवेदकाने आपल्याला कोणत्या शब्दाने हाक मारली, हेही नोंदविले जावे. पुढील सर्व सामग्रीचे मोल त्या एका शब्दावर अवलंबून असू शकते.