ई-मेल स्वाक्षरीतील दुवायुक्त प्रतिमा : स्वरूप, पद्धती व मर्यादा

प्रस्तावना :
गारगोटी हे कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. शिक्षणतज्ज्ञ डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये येथे मौनी विद्यापीठ स्थापन झाले. अशा ग्रामीण केंद्रातील प्राध्यापकाचा दूरच्या संपादकाशी पहिला परिचय बहुधा ई-मेलच्या तळाशी असलेल्या स्वाक्षरीतून होतो. त्यामुळे या स्वाक्षरीत बोधचिन्ह घालून त्यास संस्थेच्या संकेतस्थळाचा दुवा जोडण्याकडे कल दिसतो. प्रस्तुत लेखात या तंत्राचा परामर्श घेतला आहे.

स्वरूप व पद्धती :
एचटीएमएल भाषेत प्रतिमेचा 'इमेज' टॅग दुव्याच्या 'अँकर' टॅगमध्ये गुंफला, की ती प्रतिमा क्लिक करण्याजोगी होते. जीमेलमध्ये मात्र ही भाषा येण्याची आवश्यकता नाही. सेटिंग्जमधील स्वाक्षरीच्या चौकटीत प्रतिमा घालावी, ती निवडून दुव्याचे चिन्ह दाबावे, पत्ता लिहावा व पानाच्या तळाशी जाऊन बदल जतन करावेत. प्रतिमा गूगल ड्राइव्हवरून घेतल्यास ती सर्वांसाठी खुली असावी लागते. अन्यथा ती इतरांना दिसत नाही.

मर्यादा :
प्रतिमा दोन प्रकारे पोहोचते. ती सर्व्हरवर ठेवल्यास आउटलुकसारख्या प्रणाली प्राप्तकर्त्याच्या अनुमतीविना ती सहसा उतरवून घेत नाहीत. ती पत्रातच अंतर्भूत केल्यास सांकेतिक रूपांतरामुळे तिचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. नाव, पद आणि महाविद्यालय हा सर्व मजकूर एकाच चित्रात कोरला असेल व ते चित्र उघडले नाही, तर प्राप्तकर्त्यासमोर निनावी पत्र उरते. दृष्टिहीन वाचकाचे वाचक-सॉफ्टवेअरही पर्यायी मजकुराविना चित्राचा अर्थ सांगू शकत नाही. शिवाय चित्रामागील पत्ता सहज दिसत नसल्याने फसव्या दुव्यांसाठी हीच युक्ती वापरली जाते. म्हणूनच सावध वाचक अशा चित्रावर क्लिक करणे टाळतो.

निष्कर्ष :
नाव, पद, महाविद्यालय, गाव व संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता युनिकोड अक्षरांत लिहावा. बोधचिन्ह लहान ठेवावे, त्यास पर्यायी मजकूर द्यावा आणि स्वाक्षरी प्रथम स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर पाठवून तपासावी. प्रतिमा ही परिचयाची शोभा होय. परिचय अक्षरांतच असावा.