औषध आहे, पण भीती आडवी येते
गरोदर बाईला हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांचं व्यसन असेल तर ‘आजपासून बंद’ म्हणून भागत नाही. ते पुन्हा लागण्याचा धोका मोठा. म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०११ ते २०१५ मधल्या बाळंतपणांच्या नोंदी पाहिल्या, तर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक बायकांना ही औषधं गोऱ्या बायकांपेक्षा बरीच कमी मिळालेली दिसली.

असं का? एक धागा फ्लोरिडात सापडतो. तिथल्या पिनेलस काउंटीत १९८९ साली गरोदर बायकांची लघवी तपासली. नशेचे अंश सापडलेल्या गोऱ्या १५.४ टक्के, कृष्णवर्णीय १४.१. म्हणजे जवळपास सारख्याच! पण सरकारकडे कळवलं गेलं ते कृष्णवर्णीय बायकांबद्दल, सुमारे दहापट जास्त. हा आकडा मी दोनदा वाचला. मूल काढून घेतील या धास्तीनं बाई दवाखान्याची पायरीच चढत नाही, आणि औषध तर तिथेच मिळतं.