खोबरमधली अमेरिका आणि आमचा दस्तरखान

हज किंवा उमऱ्याहून परतलेल्या कुणालाही विचारा. जमजम, खजूर, गर्दी, ऊन यांच्या गोष्टी झाल्या की अल-बैकचं नाव निघतंच. पांढऱ्या लसणाच्या चटणीबरोबर मिळणारी ती कुरकुरीत कोंबडी आमच्या तुमसर भागातल्या हाजी मंडळींच्याही तोंडी असते. १९७४ मध्ये जेद्दात सुरू झालेलं हे दुकान पक्कं सौदी आहे आणि ती चटणी अरबांची आहे. पण कोंबडी तळण्याची ती रीत, जिला तिकडे ‘ब्रोस्ट’ म्हणतात, ती अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातली. तेलाच्या भांड्याला प्रेशर कुकरसारखं घट्ट झाकण लावून दाबाखाली तळायचं यंत्र तिथल्या एका कंपनीने १९५० च्या दशकात बाजारात आणलं. म्हणजे आपल्या कितीतरी बुजुर्गांनी अमेरिकन पद्धतीचं खाणं पहिल्यांदा चाखलं ते मक्का-मदिनेच्या सफरीत, आणि त्यांना ते अरबी वाटलं.

२०११ ते २०१८ अशी सात वर्षं आम्ही सौदी अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावर, अल-खोबरला राहिलो. मुलांचे अब्बू एका ठेकेदार कंपनीत मशीन दुरुस्तीच्या कामावर होते, मी तिथल्या एका भारतीय शाळेत उर्दू शिकवत होते. अमेरिका मी पाहिलेली नाही. तरी पॅनकेक, स्टेक, पीनट बटर, मॅपल सिरप या सगळ्यांशी ओळख झाली ती या अरबी गावात. त्याला कारण आहे. १९३३ मध्ये सौदी सरकारने कॅलिफोर्नियाच्या तेल कंपनीला तेल शोधण्याचा परवाना दिला, १९३८ मध्ये दम्मामच्या सात क्रमांकाच्या विहिरीतून भरपूर तेल निघालं, आणि शेजारच्या धहरानला अमेरिकन साहेबांची वसाहत उभी राहिली. हीच पुढे अरामको.

चिखल्यासारख्या खाणीच्या गावातल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आमच्याकडे जमिनीखालून मँगनीज निघतं, तिथे तेल. बाकी कंपनीची कॉलनी, फाटकावरचा पहारेकरी, साहेबांचे बंगले, क्लब, दवाखाना, सगळं तसंच. फक्त आकार शंभरपट. आम्ही त्या फाटकाच्या बाहेरचे. पण साहेब जे खातो ते हळूहळू बाहेरच्या बाजारातही येतं. खोबरच्या तमीमी सुपरमार्केटला जुनी माणसं तेव्हाही ‘सेफवे’ म्हणत, कारण त्या अमेरिकन दुकानाच्या भागीदारीतच ते सुरू झालं होतं. तिथे एका बाजूला खजूर आणि जैतून, दुसऱ्या बाजूला नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्सचीच एक पूर्ण भिंत.

अम्मीला मी फोनवर हे सांगायची तर ती म्हणायची, “अमेरिकेचं खाणं मी तुझ्या आधी खाल्लंय.” तिचं माहेर जालन्याकडचं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या तिने थापल्या आहेत. त्याआधी साठच्या दशकात पीएल-४८० कराराखालचा अमेरिकन गहू आपल्या देशाने वर्षानुवर्षं खाल्ला. मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि चवीला कशीशीच लागायची, एवढंच ती सांगते. परदेशी अन्न म्हटलं की माझ्या मुलांना रंगीत खोका आठवतो, तिला रेशनच्या दुकानापुढची रांग.

उसना तांदूळ, अमेरिकन पोतं

सगळ्यात मोठा अचंबा मला बर्गरने नव्हे, तांदळाने दिला. भंडारा-गोंदिया म्हणजे भाताचा मुलूख. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडायचं, असा उसना तांदूळ आमच्याकडच्या गिरण्यांतून निघतो. कोकणात त्यालाच उकडा म्हणतात, हे मला खोबरच्या रत्नागिरीकर शेजारणीने सांगितलं. सौदी घरांतून तसाच एक तांदूळ फार चालतो, ‘अबू बिंत’. बिंत म्हणजे मुलगी. पिशवीवर मुलीचं चित्र, म्हणून मुलीवाला तांदूळ, असं ते सरळ अरबी नाव. पिशवी उलटून पाहिली तर पैदावार अमेरिकेची! धानाच्या गावातली बाई, अरबस्तानात बसून, अमेरिकेतला उसना तांदूळ शिजवते आहे, हे मुलांच्या अब्बूंना इतकं गमतीचं वाटलं की ते आल्यागेल्याला सांगत सुटले. दाणा मात्र मोकळा, लांब. कब्सा त्याचा उत्तम होतो. आपल्या पातळ वरणाखाली तो काही केल्या मऊ पडत नाही.

उलटही होतं. आपण ज्याला अमेरिकन समजतो ते पुष्कळदा अमेरिकन नसतंच. रमजानमध्ये ज्याच्याशिवाय तिकडे इफ्तार होत नाही तो व्हिम्टो इंग्लंडचा. डब्यातली चीजची भुकटी-वड्या कुठल्या कुठल्या देशांच्या. अमेरिकन दुकानातली कोंबडी तर बहुतेकदा ब्राझीलहून गोठून आलेली. खरा अमेरिकन म्हणजे टँग. १९५९ पासून विकली जाणारी ही नारंगी पूड १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांच्या अंतराळ उड्डाणात गेली आणि मशहूर झाली. आमच्या इमारतीत ती जगभर जमलेल्या मुसलमानांच्या इफ्तारला समोशाशेजारी असायची. आणि पेप्सी. तिकडे वडीलधारे कुठल्याही काळ्या सरबताला पेप्सीच म्हणतात. १९६८ पासून १९९१ पर्यंत अरब लीगच्या बहिष्कारामुळे कोका-कोला त्या बाजारात नव्हतीच, तेव्हा दुसरं नाव जिभेवर यायचं कुठून?

काटा कोणत्या हातात?

हॉटेलात बसून खाण्याचे दिवस मोजके. आधी सुट्टी गुरुवार-शुक्रवार असे, जून २०१३ मध्ये ती शुक्रवार-शनिवार झाली. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी, मगरिबनंतर. नमाजच्या वेळी दुकानं बंद होत, म्हणून निघायची वेळ अजान पाहून ठरे. दरवाजे दोन, एक ‘सिंगल्स’चा म्हणजे एकट्या पुरुषांचा, दुसरा ‘फॅमिली’चा. आत पडदे किंवा लाकडी आडोसे. एका अमेरिकन नावाच्या, अमेरिकन गाणी वगळून बाकी सगळं अमेरिकन असलेल्या जागेत पडदा ओढून घेतला की बुरख्याची चिंता न करता निवांत जेवता येई. अमेरिकेत हे सुख मिळालं नसतं.

स्टेक मागवला तर वेटर विचारतो, कच्चट हवा, मध्यम की पूर्ण शिजलेला. पहिल्या खेपेला ताटात लालसर पाणी दिसलं आणि धाकटीने ताट लांब ढकललं. मी विज्ञानाची नव्हे, भाषेची शिक्षिका. पण ते रक्त नसतं, स्नायूतल्या रंगद्रव्याचं पाणी असतं, हे नंतर वाचलं. शरीअतमध्ये मनाई आहे ती वाहत्या रक्ताची, जबीह्यानंतर मांसात राहिलेल्या ओलीची नाही. तरीही आम्ही ‘पूर्ण शिजलेला’च सांगत राहिलो. विदर्भातल्या माणसाला मटण म्हणजे हाडावरून सुटलेलं मटण, त्याला इलाज नाही.

काट्याचा पेच मोठा होता. सुरी उजव्या हातात, काटा डाव्या हातात, आणि घास काट्याने. म्हणजे डाव्या हाताने खायचं? मुलांना लहानपणापासून बिस्मिल्लाह आणि उजवा हात शिकवलेला. माझ्या शाळेतल्या एका हैदराबादच्या बाजींनी, ज्यांचे शौहर अरामकोत होते, तो पेच सोडवला. डाव्या हाताने घास घेण्याची रीत इंग्रजांची, म्हणजे युरोपची. अमेरिकन माणूस आधी तुकडा कापतो, सुरी ताटाच्या कडेला ठेवतो, काटा उजव्या हातात घेतो आणि मग खातो. पुढचा तुकडा कापायला पुन्हा अदलाबदल. इंग्रज याला गावंढळ म्हणत असतील. मला ही रीत आपल्या सोयीची वाटली. बाजी सांगत, “पुरे साहब लोगां ऐसाइच खाते.” मुलांनी ते एका संध्याकाळी उचललं.

दुसरी आवडलेली रीत उरलेलं बांधून नेण्याची. अमेरिकन ताट दोन माणसांचं असतं आणि एकापुढे ठेवतात. कोल्ड्रिंकचा पेला रिकामा झाला की फुकट पुन्हा भरतात. ३३० मिलिलीटर कोल्यात साधारण ३५ ग्रॅम साखर, म्हणजे आठ-नऊ चहाचे चमचे, हे मी वहीत हिशेब मांडून मुलांना दाखवलं तेव्हा कुठे दुसरा पेला बंद झाला. शेजारच्या टेबलांवर अर्ध्याहून जास्त अन्न तसंच सोडून माणसं उठत. आम्ही डबा मागायचो. थोरल्याला आधी लाज वाटे. पण डबा मागण्यात अमेरिकन माणूस लाजत नाही आणि इस्राफ आपल्याला मना आहे, तेव्हा लाजायचं कुणी? चौघांचं बिल दीडशे रियालच्या घरात जाई. रियाल तेव्हा सोळा रुपयांच्या आसपास. तेवढ्यात चिखल्यातल्या घरी सासूबाईंचा महिन्याचा किराणा आला असता, हे बिल येताच आम्हा दोघांच्या मनात येई, कुणीच बोलत नसे.

डब्यावरचं बारीक अक्षर

सात वर्षांत एक सवय मात्र गेली होती, विचारण्याची. तिकडे डुक्कर नाही, दारू नाही, आयात गोश्ताला हलालचा दाखला लागतो. माणूस निर्धास्त होतो. आमच्या इमारतीतलं एक कुटुंब शिकागोला गेलं, तेव्हा त्या भाभींचे फोन ऐकून कळलं की खोबरमध्ये जे अमेरिकन खाणं डोळे मिटून खात होतो, ते खुद्द अमेरिकेत त्यांना खाता येईना. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर हलाल गोश्ताची दुकानं आहेत, पण शाळेच्या डब्यात, वाढदिवसाच्या पार्टीत काय? मऊ गोड मार्शमॅलोत जिलेटिन, आणि ते बऱ्याचदा डुकराचं. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल. ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ म्हणवायचं तर त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल हवं असा तिथला कायदाच आहे. सौदीत आम्ही केकमध्ये व्हॅनिलाची पूड घालत होतो, ती का, हे तेव्हा उमगलं. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्याच्या कापांतही गाईच्या मांसापासूनचा स्वाद होता. त्यावरून शाकाहारी लोकांनी खटला भरला आणि २००२ मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तो मिटवला. भाभी आता चंद्रकोरीतला ‘एम’ शोधतात. तो १९८२ पासून काम करणाऱ्या ‘इफान्का’ या शिकागोकडच्या मुस्लिम संस्थेचा हलाल शिक्का.

हे आपल्यालाही हवं, कारण तेच डबे आता नागपूरच्या दुकानांत दिसतात आणि मुलं मोबाईलवर पाहून मागतात. ई-४४१ म्हणजे जिलेटिन. ई-१२० हा किड्यांपासूनचा लाल रंग. ई-४७१ वनस्पतीचाही असतो, जनावराच्या चरबीचाही. पाकीट सांगत नसेल तर कंपनीला विचारावं. भारतीय पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे आपल्या कामाचा आहे. दूध, मध यांसारखे काही अपवाद सोडले तर प्राण्याचं काही त्यात नाही, एवढी हमी तो देतो. स्वादातल्या अल्कोहोलबद्दल तो काही बोलत नाही. आयात मालावर भारतीय माहितीची चिकटपट्टी वरून लावलेली असते. ती आणि मूळ छापील यादी, दोन्ही वाचावीत.

जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला शंभर रियाल शुल्क लावलं, दर वर्षी ते शंभराने वाढणार होतं. बायको आणि दोन मुलं, म्हणजे पहिल्या वर्षी तीनशे, दुसऱ्या वर्षी सहाशे. २०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतली निम्मी घरं रिकामी झाली, त्यात आमचंही. मुलांचे अब्बू मागे राहिले. कागदोपत्री विवाहित, पण तिकडच्या बोलीत ‘बॅचलर’. तेव्हा हॉटेलात गेले तर दरवाजा सिंगल्सचा असे.

मुलांना इकडे पहिले सहा महिने जड गेले. पॅनकेकला ते ‘गोड चिला’ म्हणत. मी तांदळाच्या पिठाच्या खऱ्या चिल्यावर गुळाचा पाक ओतून दिला, धाकटीने खाल्ला, थोरल्याने नाही. शेंगदाण्याचं कूट थोडं तेल घालून मिक्सरमध्ये बराच वेळ फिरवलं की पीनट बटर होतं, त्यावर दोघांचं एकमत झालं. अम्मी ते चाखून म्हणाली, “यासाठी अमेरिका कशाला हवी?”

डिसेंबर २०१९ मध्ये सौदी सरकारने हॉटेलांना वेगळ्या दरवाजांची सक्ती काढून टाकली. बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, दरवाजा एक झाला तरी एकट्याने तिथे बसून काय करायचं. चार जणांच्या खोलीत स्वयंपाकाची पाळी असते, शुक्रवारची त्यांची. वरण, वांग्याची भाजी आणि भात. तांदूळ अजून अबू बिंतच, आणि तक्रारही तीच, वरणाखाली मऊ पडत नाही.