बंधारे पाण्याखाली, मासे वर

पावसानं जोर धरला की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक मजकूर रोज छापून येऊ लागतो. पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ हे बंधारे पाण्याखाली. भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे पाण्याखाली. शेजारी राजाराम बंधाऱ्याची पातळी, आणि ३९ फुटांची इशारा पातळी व ४३ फुटांची धोका पातळी अजून किती लांब आहे त्याचा हिशेब. कुठला रस्ता बंद झाला आणि कुठून वळसा घालायचा, एवढ्यासाठी लोक ही यादी वाचतात. मला मात्र ते माशांचं वेळापत्रक वाटतं. बंधाऱ्यावरून पाणी गेलं की माणसाची वाट बंद होते आणि त्याच घटकेला माशाची उघडते.

मिरगाचं पहिलं गढूळ पाणी ओढ्यांतून नदीत उतरलं की मासे त्या पाण्याच्या तोंडावर निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून चरात, चरातून थेट भाताच्या खाचरात. हे चढणीचे मासे. ठाणे-रायगडकडे त्यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. रात्री बॅटरी घेऊन खेकडी धरायला गेलेल्या कुणालाही विचारा, घोट्याएवढ्या पाण्यात पाठी उघड्या टाकून वर सरकणारी ही रांग त्यानं पाहिलेली असते.

कोल्हापूर जिल्हा या प्रवासासाठीच उतरता आखल्यासारखा आहे. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पूर्वेला शिरोळात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चारही नद्या त्या ओल्या अंगाकडून येतात, लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती धरून प्रयाग चिखलीला त्यांची पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. त्यामुळे असं होतं की शिरोळात ऊन पडलेलं असतं, शेतकरी आभाळाकडे बघत असतो, आणि डोहातल्या माशाला मात्र कळून चुकलेलं असतं की बावड्याला झोडपून काढलंय. पाणी गार झालेलं असतं, त्याला मातीचा वास आणि रंग आलेला असतो, ओढ वाढलेली असते. माशाच्या दोन्ही कुशींवरून एक बारीक रेघ जाते. तिच्यातल्या संवेदनपेशींना पाण्याची किंचित हालचालही जाणवते. वास घेण्यातही तो आपल्या पुढे आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅसलर यांनी १९५०च्या दशकात दाखवायला सुरुवात केली की सामन मासा ज्या ओढ्यात जन्मतो त्याचा वास लक्षात ठेवतो आणि समुद्रात वर्षं काढून त्याच वासाच्या मागानं परत येतो.

तरी नुसती बातमी कळून भागत नाही, शरीर तयार असावं लागतं. उन्हाळ्यात पाणी तापतं, दिवस मोठा होतो, आणि मादीच्या पोटात गाबोळी भरत जाते. भरते आणि थांबते. शेवटचा इशारा येईपर्यंत अंडी सुटत नाहीत. हा इशारा देते मेंदूच्या तळाशी असलेली चिमुकली पीयूष ग्रंथी. रोहू, कटला, मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या नद्यांचे मासे तळ्यात पाळले तर वाढतात, पोसतात, गाबोळीही धरतात, पण साचल्या पाण्यात अंडी काही घालत नाहीत. त्यांना पूर हवा असतो. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क मादीला टोचला, आणि पुराशिवाय अंडी मिळाली. एका थेंबानं पुराचं काम केलं! १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो यामुळेच. आज आपल्या तळ्यातलं, शेततळ्यातलं जवळजवळ सगळं कटला-रोहूचं बीज त्या टोचणीच्या वाटेनं आलेलं आहे. चढणीच्या माशाला मात्र ही सुई अजून आभाळच टोचतं.

आता खरा पेच: एवढ्या लोंढ्याविरुद्ध वीतभर मासा चढतो कसा? ताकदीनं, हे उत्तर अर्धंच आहे. नदी सगळीकडे सारख्या वेगानं धावत नाही. काठाला, तळाला, दगडाच्या आडोशाला ती मंद असते, आणि दगडाच्या मागं पाण्याच्या भोवऱ्यांची आलटून पालटून डावी-उजवी रांग सुटते. मासा त्या भोवऱ्यांवर अंग वळवत राहतो आणि फारसे स्नायू न वापरता जागा धरून ठेवतो. २००६ साली अमेरिकी संशोधकांनी याची कमाल करून दाखवली. वाहत्या पाण्यात अडथळा ठेवून त्याच्या मागं त्यांनी मेलेला ट्राउट मासा सोडला. भोवऱ्यांनी त्याचं लवचीक अंग असं वळवलं की तो मेलेला मासा प्रवाहाच्या उलट दिशेनं पुढं सरकला. मेलेलं तेवढं प्रवाहाबरोबर वाहतं असं सांगणाऱ्या वक्त्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

सह्याद्रीच्या ओढ्यांतला मळ्या तर याहून वस्ताद. त्याच्या हनुवटीखाली मांसल चकती असते. तिनं तो खडकाला चिकटतो, दम घेतो, पुढं उसळतो, पुन्हा चिकटतो.

आणि एवढी यातायात कशासाठी? खाचरासाठी. भाताच्या खाचरातलं पाणी उथळ आणि कोमट असतं, त्यात सूक्ष्म जीवांची पैदास दणक्यात होते, आणि पिल्लं गिळणारे मोठे मासे तिथवर येत नाहीत. नदीत वाहून गेली असती ती पिल्लं इथं पोसली जातात. सगळेच काही खाचरात जात नाहीत. खडस म्हणजे आपला महसीर, दख्खनच्या नद्यांतला सर्वांत राजबिंडा मासा. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याला स्वच्छ, खळाळतं पाणी आणि अंडी घालायला गोट्या-खडीचा तळ लागतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पैदास होते आणि तिथून पिल्लं देशभर गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत गेलेल्या आपल्या खडसानं तिथल्या मूळ, कुबडाच्या महसीराला जागा उरू दिली नाही. मासा वाचवणं म्हणजे कुठल्याही नदीत मासा सोडणं, असं समजणाऱ्यांना हा मोठाच धडा आहे.

जगभर ज्या चढणीचं कौतुक होतं ती अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया नदीत. तिथं सामन, स्टीलहेड, स्टर्जन यांचे हंगाम ठरलेले, आणि कधी काय गळाला लागेल याचे अंदाज आधीच बांधले जातात. पॅसिफिकचा सामन अंडी घालून मरतो. स्टीलहेड कधी कधी जगतो आणि पुन्हा येतो, आपले चढणीचे मासे त्याच्या जातकुळीचे. शंभर वर्षं जगू शकणाऱ्या स्टर्जनच्या तोडीचं आपल्याकडं काही नाही. वॉलाय हा मासा तिथं बाहेरून आणलेला, तसा आपल्याकडं आफ्रिकेचा चिलापी. तो १९५२ साली भारतात आला आणि आता हटायला तयार नाही. कोलंबियावर १९३८ साली बॉनव्हिल धरण झालं तेव्हा माशांसाठी पाण्याच्या पायऱ्या बांधाव्या लागल्या. तिथं काचेच्या खिडकीमागं बसून माणसं वर जाणारे मासे मोजतात.

आपल्याकडं पायऱ्या बांधल्या नाहीत, पण कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बसवायचे बरगे. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमारास बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाच्या आधी काढून टाकायचे. ही युक्ती पुराच्या भीतीपोटी निघाली, माशांचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. पण नेमक्या चढणीच्या दिवसांत खांबांमधले गाळे मोकळे असतात, आणि पूर आणखी चढला की बंधाऱ्याच्या वरचं आणि खालचं पाणी जवळपास एका पातळीला येतं. मग तिथं अडथळा असा उरतच नाही. अभियांत्रिकीत अजाणता घडलेलं याहून सुरेख काम मला तरी ठाऊक नाही. अर्थात ते बरगे काढायच्या तारखेवर अवलंबून आहे. २०२५ साली मान्सून २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला, आणि मासा तर पंचांग बघत नाही, पाणी बघतो. शाहू महाराजांनी भोगावतीवर सुरू केलेल्या राधानगरीसारख्या उंच धरणांना मात्र असा गाळा नसतो. तिथं चढण संपते.

सगळ्यांत लांबचा वाटसरू होता अहिर. त्याची वामेशी गल्लत होते, पण वामेच्या पाठीवर काट्यांची रांग असते, अहिराच्या नसते. तो जन्मतो समुद्रात, पोरवयात नदी चढतो, गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे जातो. म्हणजे सामनच्या बरोबर उलट. कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते, तेव्हा दख्खनच्या पठारावर सापडणाऱ्या अहिरानं अख्खी कृष्णा तुडवलेली असणार. आता त्या वाटेवर विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज, शंभर मीटरहून उंच नागार्जुनसागर, मग श्रीशैलम, मग अलमट्टी.

नक्षत्रांनुसार सांगायचं तर मृग-आर्द्रा ही चढणीची नक्षत्रं. तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू-पुष्यात, पंचगंगा पात्र सोडून उसात शिरते. मोठ्या पाण्यात गळ टिकत नाही, मासा काठाच्या संथ पाण्यात असतो. याच दिवसांत मरळीची केशरी पिल्लं घोळक्यानं पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि खाली आई-बाप राखण करत असतात. घोळका दिसला की पिल्लांच्या राखणीला बसलेल्या त्या जोडीवर गळ टाकणारे आहेत. त्यात कसब काही नाही, कारण पिल्लं राखणारी मरळ समोर येईल त्यावर तुटून पडते.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्याच दिवसांत ओढ्याच्या तोंडाला आडवं जाळं लावून गाबोळीनं भरलेल्या माद्या पाटीभर उचलल्या जातात. सुरुंग आणि विष तर १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी डोहात स्फोट होतातच. आणि खाली इचलकरंजी-शिरोळकडे, अडवलेल्या पाण्यात साठलेली घाण पहिल्या लोंढ्याबरोबर हलते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच अनेकदा पडला आहे. चढणीला निघायच्या वेळीच मासा मरतो.

म्हणून गळ टाकायचाच तर उतरणीला टाकावा. मघा सरता सरता, भाद्रपदात, खाचरं आटू लागतात आणि अंडी घालून मोकळा झालेला मासा खाली येतो. नदी निवळलेली असते, पण बरगे अजून बसलेले नसतात. ओढा नदीला मिळतो तिथं, धारेच्या कडेला, संध्याकाळी बसावं. गांडुळावर शिंगटा येतो, कणकेच्या गोळीवर कटला, आणि जिवंत छोट्या माशावर मरळ.