दुधातुपावांचून पंगत



कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही चार मित्र कोंकणांत फिरावयास गेलों असतां रत्नागिरीजवळच्या एका खेड्यांत एका स्नेह्याच्या घरीं मुक्कामास राहिलों. दुपारीं केळीचीं पानें मांडलीं गेलीं, भाताच्या मुदी पडल्या, त्यांवर वरण आलें आणि स्नेह्याच्या मातोश्री तुपाची वाटी घेऊन पुढें झाल्या. मीं पानावर हात आडवा धरला. "डॉक्टरांनीं कांहीं पथ्य सांगितलंय का रे?" असें त्यांनीं काळजीनें विचारलें. "नाहीं, मीच सोडलें आहे. दूध, दहीं, तूप कांहींच घेत नाहीं," मी म्हणालों. त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु आमटीची फोडणी तुपाची, खीर दुधाची, कोशिंबीर दह्याची, हें एकेक त्यांच्या ध्यानांत येत गेलें तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. सकाळपासून त्या चुलीपाशीं राबत होत्या. माझ्या पानांत वरणभात आणि लोणचें राहिलें, आणि पंगतीवर एक प्रकारची अवघड शांतता पसरली.

त्या दिवशींची चूक सर्वस्वीं माझी होती. आपलें तत्त्व पाळण्याचा मला अधिकार होता. पण तें पानावर बसल्यानंतर जाहीर करण्याचा नव्हता. प्रवासांत आणि मित्रमंडळींत असा आहार कसा सांभाळावा, याविषयीं अनुभवानें जें शिकलों तें आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

प्रथम शब्दाविषयीं. 'व्हीगन' हा शब्द १९४४ सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनीं रूढ केला. 'व्हेजिटेरियन' या शब्दाचीं आरंभींचीं व शेवटचीं अक्षरें जोडून तो बनला आहे. मांस, मासे व अंडीं यांच्या जोडीला दूध, दुधाचे सर्व पदार्थ आणि मध हींहि या आहारांत वर्ज्य असतात. आपल्याकडे खरी अडचण येथेंच उत्पन्न होते. आपल्या भाषेंतला 'शाकाहारी' हा दूध पिणारा असतो. एवढेंच नव्हे, तर दूधतूप हें त्याच्या ताटाचें भूषण मानलें जातें. बाजारांतल्या डब्यावरील हिरव्या चौकटींतला हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचें सांगतो, पण त्यांत दूध नसल्याची हमी देत नाहीं. भारतीय अन्न सुरक्षा व मानकें प्राधिकरणानें २०२२ सालीं व्हीगन पदार्थांसाठीं स्वतंत्र नियम केले व निराळी खूणहि ठरविली. मात्र ती खूण डब्यावर दिसते, खानावळीच्या ताटावर नाहीं. तेथें आपल्यालाच विचारावें लागतें.

विचारावें कसें, यालाहि एक रीत आहे. "मी व्हीगन आहे" एवढें सांगितल्यानें वाढप्यास फारसा बोध होत नाहीं. "लोणी, तूप, दहीं, साय, पनीर यांपैकीं कांहीं न घालतां काय मिळेल?" असें विचारलें म्हणजे तो आंत जाऊन आचाऱ्यास नेमकें विचारूं शकतो. त्यासाठीं दूध कोठें दडून बसतें याची आपणांस माहिती हवी. उडुप्याच्या उपाहारगृहांत इडली तांदूळ व उडदाची असल्यानें निर्धास्तपणें घ्यावी. डोसा तेलावर टाकतात कीं लोण्यावर, हें मात्र विचारावें. उपम्यांत बहुधा तूप पडतें, चटणींत कधीं कधीं दहीं असतें, आणि कॉफी तर दुधावांचून बहुतेकांस सुचतच नाहीं. पंजाबी धर्तीच्या उपाहारगृहांत नानाचें पीठ दह्यांत किंवा दुधांत भिजवितात. तंदुरी रोटी साध्या कणकेची असते, पण भट्टींतून बाहेर येतांच तिच्यावर लोणी फिरतें. म्हणून "रोटी कोरडी आणि डाळीला फोडणी तेलाची" एवढें मागणें पुरे होतें.

याहून सोपी वाट अशी कीं, सणासुदीचें जेवण सोडून त्या त्या प्रदेशांतील रोजचें, कष्टाचें जेवण मागावें. मेजवानीचें अन्न सर्वत्र तुपालोण्यानें समृद्ध असतें. परंतु ज्या घरचें दूध विक्रीस जात असे, त्या घरांतल्या बायांनीं शेंगदाणा, तीळ, खोबरें आणि तेल यांवर चव उभी केली. पिठलें-भाकरी, ठेचा, भरलीं वांगीं, मटकीची उसळ, कांदेपोहे, मिसळ, बटाटेवडा यांना मुळांत दुधाची गरज नाहीं. मिसळीबरोबरचें दहीं आणि थालिपीठावरचा लोण्याचा गोळा बाजूस ठेवला म्हणजे झालें. पाव मात्र कोठें कोठें दूध घालून करतात. तेवढें विचारून घ्यावें.

आगगाडीच्या प्रवासांत शिदोरीसारखा आधार नाहीं. आपल्याकडे प्रवासास दशम्या नेण्याची चाल आहे. पण दशमी परंपरेनें दुधांत भिजवितात, हें लक्षांत ठेवावें. तिच्या जागीं तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी व फळें न्यावींत. विमानांतलें जेवण आधीं मागवावें लागतें. साधारणतः निदान चोवीस तास अगोदर सांगावें, आणि विमान कंपन्यांच्या परिभाषेंतला 'व्हीजीएमएल' हा संकेत वापरावा. 'एव्हीएमएल' या संकेतानें भारतीय पद्धतीचें शाकाहारी जेवण येतें, आणि त्यांत दहीं किंवा पनीर असूं शकतें.

परदेशीं गेल्यावर कित्येकदां आपलेंच शब्दज्ञान आपणांस फसवितें. इथिओपियांतल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत बुधवारीं व शुक्रवारीं, तसेंच ईस्टरपूर्वीचे ५५ दिवस उपवास पाळतात. आपल्या उपवासांत धान्य वर्ज्य असतें आणि दूधतूप चालतें. त्यांच्या उपवासांत मांस, दूध, लोणी व अंडीं वर्ज्य असतात आणि धान्य चालतें! त्यामुळें अदिस अबाबांतल्या उपाहारगृहांत "उपवासाचें ताट" मागितलें कीं, टेफ नांवाच्या धान्याच्या आंबट, जाळीदार इंजेरावर डाळी, भाज्या व पिठल्याची आठवण करून देणारें शिरो असें सर्व येतें. उलट जपानांत पुष्कळ सूपांचा आणि रश्शांचा पाया 'दाशी' नांवाच्या पाण्याचा असतो, आणि त्यांत सामान्यतः वाळलेल्या माशाचे कीस उकळलेले असतात. तेथें बौद्ध मठांतून चालत आलेलें 'शोजिन' पद्धतीचें जेवण शोधावें. प्रत्येक देशांत कोणा ना कोणाच्या व्रतानें आपल्यासाठीं आधींच चूल मांडून ठेवली आहे. तिचा पत्ता तेवढा विचारावा लागतो.

एक सूचना आरोग्यासंबंधींची. बी-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारांतून भरवशानें मिळत नाहीं. म्हणून हा आहार नित्य घेणाऱ्यांनीं वैद्यकीय सल्ल्यानें त्याची गोळी घ्यावी. प्रवासांत ती विसरूं नये.

आतां मित्रांविषयीं. चारचौघांत जेवावयास जाण्याचें ठरलें म्हणजे जागा सुचविण्याचें काम आपण होऊन पत्करावें. मागाहून कुरकुरण्यापेक्षां तें बरें. जागा दुसऱ्यानें ठरविली असेल तर आधीं दूरध्वनीवरून चौकशी करावी, आणि कांहींच जमण्यासारखें नसेल तर घरून चार घास खाऊन जावें व गप्पांत पोटभर भाग घ्यावा. दुसऱ्याच्या ताटांतल्या पदार्थाविषयीं प्रवचन करूं नये. कोणी आपण होऊन विचारलें, तर दोन वाक्यांत उत्तर द्यावें आणि उरलेलें जेवणानंतरच्या फेरफटक्यासाठीं राखून ठेवावें. चुकून तूप लागलेली पोळी पानांत आलीच, तर ती खावी कीं ठेवावी हें ज्यानें त्यानें ठरवावें. परंतु वाढणाऱ्यास सर्वांदेखत अपराधी करूं नये. गाईम्हशींवरील दयेनें जो आहार आपण पत्करला, त्याच्यापायीं माणसांशीं कठोर होणें हें विपरीतच नव्हे काय?

कोणाच्या घरीं जावयाचें असल्यास दोन-चार दिवस आधीं कळवावें, आणि कळवितांना वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी न देतां आपणांस आवडणारे दोन सोपे पदार्थ सांगावेत. नकारांची यादी वाचून गृहिणी गोंधळते; भाकरी आणि वांग्याचें भरीत असें ऐकलें म्हणजे ती कामाला लागते.

हें शहाणपण मला त्या कोंकणांतल्या पंगतीनें शिकविलें. पुढच्या वर्षीं त्याच घरीं जाण्यापूर्वीं मीं मातोश्रींना पत्र लिहिलें. गेल्या वेळच्या वागण्याबद्दल क्षमा मागितली आणि कुळथाचें पिठलें व भात एवढेंच पुरे असें कळविलें. दुपारीं पानें मांडलीं गेलीं. पिठलें आलें, फणसाची भाजी आली, तेलावरची कोशिंबीर आली. शेवटीं त्या एक मोठा पेला घेऊन माझ्यापुढें उभ्या राहिल्या. पेल्यांत गुलाबी सोलकढी होती.

"हें दूध नारळाचं आहे हो," त्या म्हणाल्या, "एवढं तरी चालेल ना?"

मीं तो पेला दोनदां मागून घेतला.