मांसल वनस्पतींची कुंडीतील बाग

गुलाब-शेवंतीला नित्य पाणी घालणे जेथे जमत नाही, अशा गच्चीत वा सज्जातही हिरवाईची हौस भागविता येते. कोरफड, पानफुटी, घायपात, शेर यांसारख्या वनस्पती जाड पानांत किंवा खोडांत पाणी साठवितात. म्हणून त्यांना मांसल वनस्पती म्हणतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस घर बंद राहिले तरी त्या सहज तग धरतात. आपल्याकडे त्या दगावतात त्या बहुधा अतिपाण्याने, आणि तेही पावसाळ्यात.

याचे कारण त्यांच्या जीवनक्रमात आहे. इतर झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात. यांपैकी बहुतेक वनस्पती मात्र ती रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आम्लरूपात साठवितात व दिवसा प्रकाशात वापरतात. त्यामुळे त्यांच्यातील पाण्याची वाफ फारच थोडी होते. पानफुटीचे पान सकाळी आंबट, तर दुपारी बेचव लागते, ही गोष्ट हिंदुस्थानात काम केलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रात नोंदविली आहे. पाणी इतके जपून खर्चणाऱ्या झाडाच्या मुळाशी ओल साचून राहिली, की मुळे कुजतात.

म्हणून शोभेआधी निचऱ्याचा विचार करावा. रुंद तोंडाचे, उथळ, न रंगविलेले मातीचे पात्र उत्तम. तळाला भोक हवेच. भोक नसलेल्या पात्रात खडीचा थर घालून भागते, हा समज चुकीचा आहे. पाणी आतच राहते. दख्खनची काळी माती ओल धरून ठेवते, ती टाळावी. एक भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा हे मिश्रण चालते.

मांडणीत मध्यभागी एखादे उंच झाड, भोवती गुलाबाकृती पानांचे एचेव्हेरिया आणि काठावरून लोंबणारे सेडम शोभून दिसते. उन्हाची आवड असलेली व सावलीतली झाडे मात्र एकत्र लावू नयेत. शेराचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने लहान मुलांच्या घरी तो नसलेलाच बरा. जून ते सप्टेंबर कुंड्या छपराखाली, पण भरपूर उजेडात ठेवाव्यात आणि माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे.

शिवनेरीसारख्या सह्याद्रीतील मोजक्या कड्यांवर आढळणारी, तांबड्या चांदणीसारख्या फुलांची शिंदळमाकुडी ही खास महाराष्ट्राची मांसल वनस्पती. ती दुर्मीळ आहे. कड्यावरचे रोप कधीही उपटू नये. लागवडीतील रोपाचा फाटा मिळवून तो तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावा आणि काप वाळल्यावर किंचित ओलसर वाळूत लावावा.